बरं वाटून रायलं, मंग गोळी काहून घ्यायची?

(पॉडकास्टच्या या भागात बोललेलं इथे लिहून काढलं आहे. अडखळे आणि मध्येच आलेला ट्रॅक्टरचा आवाज काढला, बाकी बोलणं शक्यतो तसंच ठेवलं. ज्या मुलामुलींबद्दल बोललो आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून गाव आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

आजचा भाग कारंजा लाडमधून, आमच्या कृषी सेवा केंद्राच्या मागच्या गोदामातून. खताच्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये आवाज घुमत नाही हे दोन वर्षांपूर्वी कळलं, तेव्हापासून हाच आपला स्टुडिओ. मध्येच बाबांनी हाक मारली तर समजून घ्या, गिऱ्हाईक आलं असेल.

मागच्या भागानंतर एका पोराचा मेसेज आला. वय एकोणीस. एकच वाक्य होतं: "दादा, बरं वाटून रायलं, मंग गोळी काहून घ्यायची?" मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. कारण हाच प्रश्न मी एकविसाव्या वर्षी विचारला होता. फरक इतकाच की मी तो कोणालाच विचारला नाही. मनातल्या मनात विचारला आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. आजचा अख्खा भाग त्या पोराला.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. मला बायपोलर आहे. मराठी पुस्तकात द्विध्रुवी विकार असा शब्द सापडतो, पण आमच्या घरी कोणी तो वापरत नाही. आई 'तुझं ते' म्हणते. कधी मन इतकं चढतं की झोप लागत नाही, पैसा दिसत नाही, समोरचा माणूस मूर्ख वाटतो. कधी इतकं पडतं की आंघोळ करणंसुद्धा डोंगर चढण्यासारखं होतं. मध्ये महिनोन्महिने साधं, नेहमीसारखं आयुष्य असतं. मी डॉक्टर नाही, बियाणं आणि फवारणीची औषधं विकतो. त्यामुळे मी सांगतो त्यावरून कोणी गोळी सुरू करू नका, बंदही करू नका, डोस तर अजिबात बदलू नका.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी अकोल्याला कृषीच्या शेवटच्या वर्षाला होतो. पाच रात्री झोपलो नाही आणि थकलोही नाही. त्या पाच रात्रींत मी बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचा आराखडा लिहिला. मूर्तिजापूर, कारंजा, यवतमाळ, पर्यटकांसाठी वाफेचं इंजिन, प्रत्येक स्टेशनवर बचत गटाचं जेवण. साठ-पासष्ट पानं. रात्री तीन वाजता मोठ्या बाबांना फोन करून सांगितलं की शेत विका, रेल्वेत पैसे टाकू. आता हसू येतं. पण बघा, कल्पना वाईट नव्हती. शकुंतला पुन्हा सुरू करा म्हणून शहाणी माणसं आजही मागणी करतात. घोळ इथेच आहे. त्या अवस्थेत जे सुचतं ते सगळंच खोटं नसतं, म्हणून ते आजारपण वाटतच नाही. उलट पहिल्यांदाच आपण पूर्ण जागे झालो असं वाटतं.

मग तीन आठवडे दवाखान्यात. निघताना डॉक्टरांनी चार-पाच मिनिटांत दोन गोळ्या लिहून दिल्या, त्यातली एक लिथियम, आणि म्हणाले, "आयुष्यभर घ्यायच्या." एकवीस वर्षांच्या पोराला आयुष्यभर म्हणजे काय ते कळतं का? मला पुढच्या सेमिस्टरची फी कळत होती. ते डॉक्टर वाईट नव्हते, बाहेर रांग होती. पण त्या एका शब्दाने माझ्यात आणि गोळीत पहिल्या दिवसापासून भांडण लागलं.

आठ महिन्यांत माझं वजन चौदा किलोने वाढलं. ते दुसऱ्या गोळीने. लिथियमने हात थरथरायचे. दुकानात गिऱ्हाईकाला चहा दिला की कप बशीवर वाजायचा. बिल लिहिताना अक्षर वाकडं. गावात लोक बोलायला बसलेलेच असतात: "पोट्ट्याने दारू सुरू केली वाटते." दारूचा थेंब घेत नव्हतो! मग एक दिवस ठरवलं, पुरे. रात्री आईसमोर गोळी तोंडात टाकायची, जिभेखाली धरायची आणि गोदामात येऊन कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात टाकायची. इथेच, माझ्या डाव्या हाताला जो रॅक आहे ना, तिथे ते पाकीट होतं.

आणि काय झालं? काहीच झालं नाही. हेच त्या पोराला सांगायचं आहे. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या महिन्यात काही झालं नाही. हात थांबले, तोंडाला चव आली, वजन उतरायला लागलं. चार महिने मी सुखात होतो आणि मनात म्हणत होतो, बघा, उगाच घाबरवत होते. आपल्याकडे तुरीच्या शेंगेला अळी लागते तेव्हा शेंग बाहेरून हिरवीगारच दिसते. भोक दिसेपर्यंत दाणा गेलेला असतो.

मग मृगाचा पाऊस आला आणि पेरणीचा सीझन सुरू झाला. दुकान रात्री अकरापर्यंत उघडं, पहाटे गाड्या उतरवायच्या. झोप तीन तासांवर आली, मग दोनवर. मला वाटलं काय जोर आलाय अंगात! जो येईल त्याला उधार बियाणं दिलं. ओळख नाही, पाळख नाही, वहीत नोंद नाही. कंपनीच्या माणसाला फोन करून गरजेच्या तिप्पट माल मागवला. ते कर्ज फेडायला बाबांना दोन हंगाम लागले. आईला ते पाकीट दवाखान्यातून आल्यावर सापडलं. ती ओरडली नाही. गोळ्या मोजल्या. एकशे सतरा. आकडा मला अजून पाठ आहे.

चढाईनंतर जी घसरण आली तिच्याबद्दल फार बोलणार नाही. इतकंच, की त्या हिवाळ्यात जगण्याचा कंटाळा आला होता आणि एका रात्री मी ते लहान भावाला बोलून दाखवलं, म्हणून आज इथे बसलोय. ऐकताना कोणाला तसं वाटत असेल तर भाग थांबवा आणि 14416 लावा. टेलिमानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता लिथियमबद्दल थोडं, कारण मला ते कोणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तर कदाचित मी त्या गोळीशी इतकं वैर धरलं नसतं. लिथियम हे कोण्या कंपनीने बनवलेलं रसायन नाही, निसर्गातलं मूलद्रव्य आहे, मिठाच्या कुळातलं. जॉन केड नावाचे ऑस्ट्रेलियन डॉक्टर होते, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहून आलेले. त्यांनी ते आधी गिनिपिगवर वापरलं, मग स्वतः घेऊन पाहिलं, मग उन्मादाच्या दहा रुग्णांना दिलं आणि 1949 मध्ये त्यावर लेख छापला. गंमत अशी की त्याच वर्षी अमेरिकेत लिथियमचं मीठ जेवणातल्या मिठाऐवजी विकलं जात होतं आणि ते मोकळ्या हाताने खाऊन काही माणसं मेली. त्या धसक्यामुळे अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळायला 1970 उजाडलं. म्हणजे औषध तेच, विष तेच, फरक मात्रेचा. फवारणीचं औषध विकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

म्हणूनच लिथियमची रक्ततपासणी असते. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. बऱ्याच जणांना रक्तातलं प्रमाण 0.6 ते 0.8 च्या आसपास ठेवतात. 1.5 च्या वर गेलं की विषबाधेचा धोका, आणि काही जणांना त्याच्या खालीही त्रास होतो. दर सहा महिन्यांनी किडनी आणि थायरॉइडही बघतात. मला वाटायचं, ही तपासणी म्हणजे मी गोळी घेतो की नाही याची पोलीसचौकशी. अर्धी ती आहेच म्हणा.

पण आपल्या भागात ती का लागते ते सांगतो. दुसऱ्या आजारपणानंतर आईने नवस बोलला. आमचं कारंजं म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, घरात गुरुमंदिराशिवाय पान हलत नाही. नवस असा की पोराने एकवीस दिवस अळणी जेवायचं. वैशाख महिना, बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्री, आणि मी मीठ बंद केलेलं. दहाव्या-बाराव्या दिवशी जुलाब सुरू झाले, हात इतका थरथरायला लागला की चमचा धरवेना, बोलताना जीभ जड. आम्हाला वाटलं ऊन लागलं. आता मी ज्यांच्याकडे जातो त्या अमरावतीच्या मॅडमना भावाने फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मीठ सोडलंय का?" मीठ कमी झालं, अंगातलं पाणी कमी झालं, की किडनी लिथियम बाहेर टाकत नाही, धरून ठेवते. गोळी तेवढीच, रक्तातलं प्रमाण मात्र चढतं. त्या रात्री गोळी थांबवायला लावली, लगेच तपासायला बोलावलं. आकडा 1.4 निघाला. मॅडमनी आईला एक शब्द वावगा बोलला नाही. म्हणाल्या, "नवस तुमचा आहे ना? मग उरलेले दिवस तुम्ही करा, याला नेहमीसारखं जेवू द्या." आईने आनंदाने केले.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण आपल्याकडे निर्जळी उपवास आहेत, रोजे आहेत, मे महिन्यात शेतात नांगरटी आहेत. आणि अंग दुखलं की दुकानातून ब्रुफेन नाहीतर डायक्लोफेनॅक घ्यायची सवय आहे. त्या गोळ्यांनीही लिथियम चढतं. मेडिकलवाल्या भाऊंना सांगावं लागतं, की मी लिथियमवर आहे, मला साधी पॅरासिटामॉल द्या. पण सांगणार कसं? मेडिकलवाला आपल्या चुलत्याचा मित्र. मी दोन वर्षं माझ्या गोळ्या गावातून घेतल्याच नाहीत, अमरावतीहून आणायचो. मुळात लिथियम स्वस्त गोळी आहे, सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. माझा गोळ्यांपेक्षा जास्त खर्च एसटीच्या तिकिटावर आणि बुडालेल्या दिवसावर होतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालयात फुकट औषध मिळू शकतं, पण वाशीमला जायच्या आधी कोणती गोळी शिल्लक आहे ते विचारून जा, नाहीतर हेलपाटा.

आता बाकीच्यांचं. आम्ही सात-आठ जण आहोत, सगळे पंचविशीच्या आगेमागे, आसपासच्या तालुक्यांतले. महिन्यातून एकदा फोनवर बोलतो, जमलं तर ऋषी तलावाकडे भेटतो. सरकारच्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हजारात तीन मोठ्या माणसांना बायपोलर निघाला होता, आणि त्यांतल्या दहापैकी सात जणांना उपचार मिळत नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी तोच हिशोब कारंज्याला लावला तर आपल्या गावात शंभरावर माणसं निघतात. मी आजपर्यंत कारंज्यातली दोनच ओळखतो, त्यातला एक मीच.

या सगळ्यांचं गोळीबद्दलचं मत एक नाही. मूर्तिजापूरकडचा एक जण भजनी मंडळात पेटी वाजवतो. तो म्हणतो, "गोळीवर बोटं चालतात, पण आतून काही येत नाही." त्याला सगळे सांगतात की भ्रम आहे. मला तसं वाटत नाही. काहींना खरोखर मंद वाटतं, आणि कधीकधी ते डोस जास्त असल्यानेही असतं. त्याने डॉक्टरांना हे सांगितलंच नव्हतं. का, तर "ते काय संगीतवाले आहेत?" सांगितल्यावर डोस थोडा उतरवला. पेटी पूर्वीसारखी वाजते का? तो म्हणतो, "बारा आणे." बारा आण्यांवर तो राजी आहे. दुसरा कोणी नसता झाला, आणि त्याला मी चूक म्हणणार नाही.

मानोऱ्याकडची एक ताई व्हॅल्प्रोएटवर होती. तीन वर्षं. पाळी अनियमित झाली, वजन वाढलं, केस गळाले. तिचं लग्न ठरायच्या वेळी तिनेच मोबाईलवर वाचलं की गरोदरपणात ही गोळी बाळाला घातक असते, दहापैकी साधारण एका बाळात जन्मजात व्यंग येतं, आणि त्याहून जास्त मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येतात. इंग्लंडात तर मूल होण्याच्या वयातल्या बाईला ती सहसा देतच नाहीत. हिला तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही. कदाचित कुमारिकेला असं कसं बोलायचं म्हणून. ती म्हणाली, "मी गोळीवर नाही चिडली, मले न विचारता दिली म्हणून चिडली." तिने डॉक्टरांकडून गोळी बदलून घेतली. स्वतः बंद केली नाही, हे तिचं शहाणपण. मुलींनो, हा प्रश्न लग्न ठरायच्या आधी विचारा, आईसमोर लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.

लग्नाचं म्हणाल तर आमच्यातले निम्मे गोळी लपवतात ते स्थळांसाठी. सांगितलं तर मोडतं, नाही सांगितलं तर पुढे फसवलं म्हणतात. कायद्याचं इतकं माहीत आहे की नुसता मानसिक आजार आहे म्हणून घटस्फोट मिळत नाही, आजार तितका गंभीर असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगून ठेवलंय. पण पाहुणे मंडळी न्यायालयाचे निकाल वाचून पोहे खायला येत नाहीत. मी स्वतः सांगूनच बघतोय. आतापर्यंत चार नकार. हा विषय वेगळ्या भागाचा आहे.

सगळ्यांची एक तक्रार मात्र सारखी निघाली, आणि ती गोळीबद्दल नाहीच. ती घरच्यांबद्दल आहे. तुम्ही कशावरही चिडा, बरोबर कारणाने चिडा, घरातून एकच प्रश्न येतो: "आज गोळी घेतली का?" माझ्या भावाने मला न विचारता माझी गाडी नेली, मी ओरडलो, तर आई म्हणते गोळी घेतली का. जोरात हसलं तरी तेच. जगातल्या इतर माणसांना राग येतो, आम्हाला लक्षण येतं. काही पोरांनी गोळी सोडली ती निव्वळ या वाक्यासाठी. आईबाबा ऐकत असाल तर एवढं करा. गोळीचं विचारायचंय तर ठरलेल्या वेळी विचारा, रोज रात्री नऊला विचारा. भांडणाच्या मध्ये विचारू नका. आमच्या घरी आता हा नियम आहे. आई दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

आणखी एक गोष्ट केली, ती 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यामुळे. आपण बरे असताना आधीच लिहून ठेवता येतं की पुढे बिघडलो तर कोणता उपचार हवा, कोणता नको, आणि आपल्या वतीने कोणी बोलायचं. मी भावाचं नाव दिलंय. बाबा थोडे दुखावले. पण त्या हिवाळ्यातल्या रात्री जागा भाऊ होता. झोपेचंही लिहिलंय: सलग दोन रात्री मी चार तासांपेक्षा कमी झोपलो तर मॅडमना फोन लावायचा, माझी परवानगी आजच दिली आहे, तेव्हा मी नाही म्हणालो तरी. मॅडमनी सही केली, वकिलाला दाखवून बाकीचं रीतसर करायचं राहिलंय.

तर त्या पोराला उत्तर. भाऊ, गोळी काहून घ्यायची हा प्रश्न चुकीचा नाही. तो तुझ्या डॉक्टरांना विचार, याच शब्दांत विचार. म्हण, मला बरं वाटतंय, किती दिवस घ्यायची, सोडायची असेल तर कशी. कधीतरी सोडायची ठरलीच तर लिथियम एकदम बंद करत नाहीत. किमान चार आठवडे, जमलं तर तीन महिने लावून हळूहळू उतरवतात, आणि तेव्हा घरातलं कोणीतरी झोपेवर लक्ष ठेवतं. एकदम सोडलं तर उन्माद पुन्हा उसळायचा धोका जास्त असतो. पेरणीच्या सीझनमध्ये, परीक्षेच्या महिन्यात, बहिणीच्या लग्नात तर हा प्रयोग करूच नको. डॉक्टरांनी ऐकून घेतलं नाही तर दुसरे डॉक्टर बघ. मी तिसऱ्यांकडे टिकलो. आणि आत्ताच चोरून सोडली असशील, तर आधी एका माणसाला सांग. आईला नाही जमलं तर मित्राला. मग डॉक्टरांना फोन कर. जुन्या डोसवर स्वतःच परत उडी मारू नको.

मी घेतो. सहावं वर्ष चाललंय. वजनवाली गोळी मॅडमनी बदलली, चौदातले नऊ किलो उतरले. लिथियमचा डोस थोडा कमी केला, कप आता बशीवर वाजत नाही, फक्त जास्त चहा झाला की किंचित. आवडते का गोळी? नाही आवडत. दर मृगाला एकदा तरी मनात येतं की यंदा सोडून बघू. ते मी मॅडमना सांगतो, त्या लिहून घेतात, म्हणतात ठीक आहे, दिवाळीनंतर बोलू. दिवाळीनंतर खरंच बोलतो.

पुढच्या भागात रात्रीच्या लाईनीबद्दल बोलायचंय. शेतीपंपाला वीज रात्री मिळाली की ओलित करणाऱ्या पोरांची झोप जाते, आणि आपल्यासारख्याने त्यात काय करायचं. कोणाचा अनुभव असेल तर पाठवा, नाव घेणार नाही.

बाबा हाक मारताहेत. उद्या सकाळी माझं रक्त द्यायचं आहे, म्हणजे आज नऊच्या ठोक्याला गोळी आणि पहाटेची अमरावती गाडी. चला, नमस्कार.